निवडून निवडून खाल्लेली माती

ब्रँडन वीडन हे नाव तुमच्या कानावर आलेलं असण्याचं काही कारण नाही. मी मात्र सध्या भेटेल त्याला त्याचीच गोष्ट ऐकवत सुटले आहे. ९ सप्टेंबर २०१२, क्लीव्हलँडचं मैदान. ब्राउन्स संघाचा नवाकोरा क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो तो सेनापती, आपल्या पहिल्यावहिल्या सामन्याआधी मैदानात आहे. तेवढ्यात मैदानभर पसरायचा तो अवाढव्य झेंडा लोक उलगडायला घेतात आणि आमचा सेनापती नेमका त्याच्याखाली सापडतो! फोटो आहे, शोधून बघा. वर झेंड्याचं छत आणि खाली कमरेत वाकून बाहेरची वाट शोधणारा धिप्पाड माणूस. पुढे सामना सुरू झाला तेव्हा त्याने ३५ वेळा चेंडू फेकला. त्यातले १२ आपल्या माणसांनी झेलले आणि ४ समोरच्यांनी. क्वार्टरबॅकला गुण द्यायची तिथे एक पद्धत आहे, त्यात पैकीच्या पैकी म्हणजे १५८.३. वीडनला मिळाले ५.१. आणि कहर म्हणजे एवढं होऊनही ब्राउन्स हरले ते एका गुणाने, १७-१६!

हे वेड लावलं माझ्या भाच्याने. बहिणीचा मुलगा ओहायोत जन्मला, तिथेच वाढला. मराठी बोलतो ते आईला बरं वाटावं म्हणून, आणि ब्राउन्सच्या मागे का लागलाय ते त्यालाही सांगता येत नाही. मला त्या फुटबॉलमधलं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात त्या फुटबॉलमधलं, ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, गेम समजायची गरजच नाही. तू नुसते ड्राफ्ट वाच. पण वाईट ड्राफ्ट. चांगल्यांत काही मजा नसते." मी सहज म्हणून एक वाचला, आणि त्या रात्री कुकर लावायचा राहून गेला.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची धमाल कळणार नाही. आपल्या आयपीएलमध्ये लिलाव असतो, पैसा टाकला की खेळाडू तुमचा. एनएफएलमध्ये लिलाव नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये ३२ संघ रांगेने कॉलेजच्या पोरांमधून एकेक पोरगा उचलतात. गेल्या हंगामात जो सगळ्यात शेवटी, त्याला पहिला मान. विजेता सगळ्यात शेवटी. अशा ७ फेऱ्या. पोराला निवड नाही, ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायचं. आणि संघांना आपापले नंबर एकमेकांत विकता येतात, बदलता येतात, पुढच्या वर्षीचे नंबरसुद्धा आज उडवता येतात! म्हणजे दुबळ्याला उभं करण्यासाठी काढलेली ही सोय. आता या सोयीतून दुबळा आणखी दुबळा कसा होतो, हाच तर सगळा तमाशा आहे.

पहिला ड्राफ्ट झाला १९३६ च्या फेब्रुवारीत, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात. कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, आणि त्यांचा संघ तळाला, त्यामुळे पहिला नंबर त्यांचाच. त्यांनी नाव घेतलं जे बर्वँगरचं. कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे हाइझमन करंडक, त्याचा हा पहिला मानकरी. बर्वँगर त्यांच्याकडे काही आला नाही. बेल यांनी त्याचा हक्क शिकागो बेअर्सना देऊन टाकला, तर पठ्ठ्या तिथेही खेळला नाही. त्याने सरळ नोकरी धरली. आणि बाकीचे? ईगल्सनी त्या वर्षी ९ जण निवडले, त्यातला एकही त्या हंगामात त्यांच्यासाठी मैदानात उतरला नाही. हंगामाचा निकाल, १ विजय आणि ११ पराभव. ज्या माणसाने ड्राफ्ट शोधून काढला, त्याच्याच संघाने पहिल्याच फटक्यात असा ड्राफ्ट करून दाखवला! हे वाचलं आणि मी भाच्याला भलत्या वेळी फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, अजून तू सुरुवातच केलेली नाहीस."

खरंच नव्हती. कारण त्यानंतर मला न्यू ऑर्लिन्स सेंट्सचं १९९९ साल सापडलं. माइक डिटका हे त्यांचे प्रशिक्षक. शिकागोला अजिंक्यपद मिळवून दिलेला दणकट, मिशाळ, तोंडाळ माणूस. त्यांच्या मनात रिकी विल्यम्स भरला, टेक्सासचा धावपटू. त्याच्यासाठी डिटका यांनी काय द्यावं? सेंट्सकडे त्या वर्षी होते नव्हते तेवढे सगळे नंबर, आणि वर पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी फेरी. एका पोरासाठी आठ निवडी वॉशिंग्टनच्या पदरात. म्हणजे सेंट्सचा १९९९ चा संपूर्ण ड्राफ्ट एका माणसाचा. एक नाव, खाली कोरा कागद. थोरलीच्या लग्नापायी सगळी जमीन विकून मोकळा झालेला बाप मी पाहिलेला आहे, पण त्याने निदान पत्रिका तरी साधी छापली होती. इथे ईएसपीएनच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका आणि विल्यम्स चक्क नवरा-नवरीच्या वेशात उभे राहिले! डिटका सुटाबुटात, आणि रिकी विल्यम्स, तो खांबासारख्या मांड्यांचा, लांब जटांचा गडी, पांढऱ्या लग्नाच्या झग्यात. हंगाम संपला तेव्हा ३ विजय, १३ पराभव. डिटका यांची नोकरी गेली. त्यांनी उडवलेली पुढच्या वर्षीची पहिली फेरी थेट दुसऱ्या क्रमांकाची निघाली, आणि वॉशिंग्टनने त्यावर लव्हार अ‍ॅरिंग्टन घेतला. रिकी विल्यम्स वाईट खेळाडू होता असंही नाही. २००२ मध्ये मायामीकडून खेळताना त्याने १८५३ यार्ड धावून सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर काढला. मायामीकडून! सेंट्सना काय मिळालं तर ते मुखपृष्ठ.

इथवर आल्यावर मला वाटायला लागलं की हे लोक अभ्यास करत नसावेत. तर तसं मुळीच नाही. इंडियानापोलिसला दर वर्षी मोठी चाचणी असते. चाळीस यार्ड किती सेकंदांत, २२५ पौंडांचं वजन किती वेळा, उभ्या जागेवरून उडी किती, इतकंच काय, पंजाची रुंदीसुद्धा इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात. अंगावर जेमतेम कपडे असलेली विशी-बाविशीची पोरं रांगेत उभी आणि समोर वह्या घेतलेले लोक, हे दृश्य मला काही बरं वाटलं नाही, पण ते असो. मुद्दा असा की एवढं करूनही पत्ता लागत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी यावर चक्क संशोधन केलंय. हे थेलर म्हणजे २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले थेलर. त्यांनी बघितलं की एकाच जागेवर खेळणारे दोन लागोपाठचे खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आलं असतं! आणि तरीसुद्धा संघ वरच्या नंबरासाठी जीव टाकतात, कारण प्रत्येकाला वाटतं, आपल्याला कळलंय. मला तर आता असं वाटतं की भयंकर ड्राफ्ट अडाणीपणातून होत नाहीत, ते खात्रीतून होतात. जितकी खात्री पक्की, तितका खड्डा खोल.

खात्रीचं उदाहरण हवं? १९८९ ची पहिली पाच नावं नुसती ओळीने वाचा. ट्रॉय एकमन. टोनी मँडरिच. बॅरी सँडर्स. डेरिक थॉमस. डिऑन सँडर्स. यातले चार आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. ग्रीन बे पॅकर्सनी दुसऱ्या नंबरावर बरोबर तो उरलेला एक उचलला, मँडरिच! मँडरिचच्या नुसत्या देहावर सगळे भाळले होते, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्याला उघड्या अंगाने मुखपृष्ठावर घेतलं होतं. तो देह कशावर पोसला होता ते त्याने पुढे स्वतःच सांगितलं, स्टेरॉइड. तीन हंगामांत पॅकर्सचा आणि त्याचा संबंध संपला.

क्वार्टरबॅक रायन लीफचं १९९८ सालही असंच, पण ते इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलंय की मी एवढंच सांगते, कॅन्सस सिटीतल्या एका सामन्यात त्याने १५ वेळा चेंडू फेकला, एकदा पोचला, आणि मिळाले ४ यार्ड. म्हणजे बारा फूट. आमचा जिना उतरून फाटकापर्यंत त्याहून जास्त होतात.

पण बो जॅक्सन! बो जॅक्सनची गोष्ट सांगताना मला अजून धाप लागते. १९८६, टँपा बे बकनीअर्स, पहिला नंबर. ऑबर्नचा बो जॅक्सन हा फुटबॉलइतकाच बेसबॉलही अफाट खेळणारा. संघाच्या मालकाने, ह्यू कल्व्हरहाउस यांनी, तपासणीसाठी त्याला आपल्या खासगी विमानातून टँपाला आणलं. बोला सांगण्यात आलं की हे नियमात बसतं, विचारून घेतलंय. बसत नव्हतं! त्या एका विमानप्रवासापायी त्याचा कॉलेजातला बेसबॉलचा शेवटचा हंगाम मधूनच तोडला गेला. बोची समजूत अशी झाली की हे मुद्दाम केलं, बेसबॉल सुटावा म्हणून. त्याने स्वच्छ सांगितलं, मला निवडू नका, मी येणार नाही. टँपाने तरी निवडलं. बो आला नाही. त्याने कमी पैशांत कॅन्सस सिटी रॉयल्सकडे बेसबॉल पत्करला. वर्षभराने टँपाचा हक्क संपला आणि १९८७ च्या ड्राफ्टमध्ये रेडर्सनी त्याला सातव्या फेरीत घेतलं. १८३ वा! गेल्या वर्षी पहिला असलेला माणूस यंदा १८३ वा, आणि तो आला, कारण रेडर्सच्या मालकाने त्याला बेसबॉलही खेळू दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी सिएटलमध्ये सोमवारच्या रात्री तो २२१ यार्ड धावला. त्यातली एक धाव ९१ यार्डांची, आणि गोलरेषा ओलांडल्यावरही थांबला नाही, तसाच पुढे बोगद्यात शिरून दिसेनासा झाला. ती चित्रफीत बघताना मला सारखा टँपातला कुणीतरी माणूस दिसत होता, घरी टीव्हीसमोर बसलेला. आणि याच टँपाकडे तेव्हा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग होता, तोही त्यांनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकला. तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, हे वेगळं सांगायला नको.

आता माझा सगळ्यात लाडका. लोक डिटका सांगतात, लीफ सांगतात. मी डॅलस काउबॉइजचं २००९ साल सांगते, कारण यात खलनायक कुणी नाही आणि सगळं कसं हळूहळू बुडतं ते बघायला मिळतं. आधीच्या ऑक्टोबरात डॅलसने डेट्रॉइटकडून रॉय विल्यम्स नावाचा झेलकरी घेतला आणि त्याच्या मोबदल्यात २००९ ची पहिली फेरी दिली. हा रॉय विल्यम्स स्वतः डेट्रॉइटच्या त्या अजब काळातला, जेव्हा त्यांनी २००३, २००४ आणि २००५ असे लागोपाठ तीन वर्षं पहिल्या फेरीत झेलकरीच घेतले होते. (तिसऱ्या झेलकऱ्याच्या लगेच पुढच्या नंबरावर डॅलसनेच डीमार्कस वेअर उचलला. कर्माचे हिशेब!) तर पहिली फेरी अशी गेली. दुसऱ्या फेरीत आपली पाळी आली तेव्हा डॅलसने तो नंबर बफेलोला विकला आणि बदल्यात खालचे दोन घेतले. बफेलोने तिथे अँडी लेव्हिटर घेतला, तो पुढे वर्षानुवर्षं खेळला. डॅलसने मग बारा जण घेतले. बारा! त्यातला एक, डेव्हिड ब्यूलर, पाचव्या फेरीत, मुख्यतः सामना सुरू करताना चेंडू लांब लाथाडण्यासाठी. राखीव कामांना उपयोगी पडतील अशी पोरं वेचून भरली होती.

आणि मग जे झालं ते वाचून माझं हसू थांबलं. ड्राफ्टनंतर आठवडाही उलटला नव्हता. २ मे ला ही नवी पोरं छपराखालच्या सराव-मैदानावर असताना वादळात ते अख्खं छप्पर कोसळलं. बारा जण जखमी झाले. त्यांच्यातला एक संघाचा स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून पोरं हेरणारा माणूस, कमरेखाली कायमचा लुळा झाला. ही ओळ ओलांडून पुढची नावं वाचायला मला वेळ लागला.

ड्राफ्टचं मात्र त्या वर्षी कुणाला काही जाणवलंच नाही! २००९ मध्ये डॅलसने ११ सामने जिंकले, बाद फेरीतही एक जिंकला. जुनी खोडं उभी होती ना. मग २०१० ला ६ विजय, पुढची तीनही वर्षं ८ विजय आणि ८ पराभव. ज्या पोरांनी एव्हाना ऐन भरात असायला हवं ती जागेवर नव्हतीच. २०१३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा बारापैकी एकही डॅलसमध्ये उरला नव्हता. खरा वाईट ड्राफ्ट असा चार वर्षांनी बोलतो.

भाच्याला हे सगळं ऐकवलं तर तो शांतपणे म्हणाला, "झालं? आता बाविसावा नंबर बघ." मी म्हटलं कुणाचा, तर म्हणाला, "आमचा. आणि हसू नकोस, आमच्या घरी यावर कुणी हसत नाही." बघितलं. २००७, बाविसावा नंबर, ब्राउन्स, क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन. २०१२, बाविसावा नंबर, ब्राउन्स, क्वार्टरबॅक तोच आपला वीडन, ज्याचं वय तेव्हा २८ होतं, कारण आधी काही वर्षं तो यँकीज आणि इतरांच्या छोट्या संघांत बेसबॉल खेळून आला होता. पहिल्या फेरीत याहून वयस्क कुणी कधी निवडला गेला नव्हता. आणि २०१४, पुन्हा बाविसावा, पुन्हा ब्राउन्स, पुन्हा क्वार्टरबॅक, जॉनी मँझेल! मालक जिमी हॅस्लम यांनीच सांगितलं होतं की रस्त्यावरच्या एका बेघर माणसानेही त्यांना मँझेलला घ्यायला सुचवलं होतं. दोन हंगामांत मँझेल बाहेर. या तिघांच्या मधली एक कडी तर फारच सुंदर आहे. २०१२ मध्ये वीडनच्या आधी ब्राउन्सनी तिसऱ्या नंबरावर ट्रेंट रिचर्डसन घेतला होता, आणि चौथ्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे एक पायरी वर चढायला, मिनेसोटाला तीन नंबर दिले होते. दीड वर्षात तोच रिचर्डसन इंडियानापोलिसला विकून पहिल्या फेरीचा एक नंबर मिळवला, आणि तो नंबर खर्ची पडला मँझेलपर्यंत पोचायला. एका चुकीचं मुद्दल दुसऱ्या चुकीत जसंच्या तसं गुंतवलं! २०१७ मध्ये ब्राउन्स सोळाच्या सोळा सामने हरले, आणि जानेवारी २०१८ मध्ये चाहत्यांनी कडाक्याच्या थंडीत मैदानाभोवती मिरवणूक काढली, 'परिपूर्ण हंगामा'ची. अशा चाहत्यांवर जीव जडला नाही तर नवल.

आणि हो, दुसऱ्याच्या चुकीवर उभे राहिलेले लोक! वॉशिंग्टनने २०१२ मध्ये रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी सेंट लुइस रॅम्सना पहिल्या फेरीचे तीन नंबर आणि एक दुसऱ्या फेरीचा दिला. पहिलं वर्ष झकास गेलं, मग गुडघा गेला. डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनच्या मैदानावर खेळायला आले तेव्हा नाणेफेकीसाठी त्यांनी सहा कर्णधार पाठवले. सहाच्या सहा त्या सौद्यातल्या नंबरांतून मिळालेली पोरं. तोंडाने एक शब्द नाही! सामना २४-०. इतका थंड, इतका घरंदाज खवचटपणा मी फक्त आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्याबाईंकडे पाहिला होता.

त्याच २०१२ मध्ये सिएटलच्या ड्राफ्टला अनेक जाणकारांनी तिथल्या तिथे नापास केलं होतं. पहिल्या फेरीत ब्रूस अर्विन म्हणजे नंबर वाया घालवला, तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन बुटका. त्यांच्यासोबत दुसऱ्या फेरीत बॉबी वॅगनर. दोन हंगामांनी हे तिघे सुपर बोल जिंकून बसले होते. म्हणून आता ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी गुणपत्रिका छापणाऱ्यांचं मी अतिशय आनंदाने वाचते, पण चार-पाच वर्षं जुनं झाल्यावर.

सध्या मी १९९२ च्या इंडियानापोलिस कोल्ट्सवर आहे. त्यांच्याकडे पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर होते. दोन्ही! पहिल्यावर स्टीव्ह एमटमन, दुसऱ्यावर क्वेंटिन कोरियट, आणि दोघेही ज्या उंचीची आशा होती तिथवर पोचले नाहीत. एमटमनच्या तर दुखापती थांबेनात. पण त्या पहिल्याच वर्षी मायामीविरुद्ध डॅन मरिनोने फेकलेला चेंडू या सव्वाशे किलोंहून जड गड्याने मधेच पकडला आणि तो घेऊन ९० यार्ड पळत सुटला, पार गोलरेषेपर्यंत. भाच्याला म्हटलं, हा ड्राफ्ट वाईट कसा म्हणायचा रे? तो म्हणाला, "मावशी, तू पुढच्या वर्षी क्लीव्हलँडला ये, तिकिटं मी काढतो. फक्त येताना स्वेटर आण, आणि आशा घरी ठेव."